लहान चणीचा खेळाडू कसा पारखावा? : आइस हॉकीतल्या एका निवडीचा अभ्यास



शाळेच्या संघाची निवड चाचणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. मैदानावर चाळीसेक मुलं, हातात यादी आणि जेमतेम दीड तासाचा वेळ. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या बारक्या मुलाबद्दल अशा वेळी आपण दोनपैकी एक वाक्य बोलतो. एक तर, "चांगला आहे हो, पण अंगात काही नाही." नाहीतर कौतुकाने, "मूर्ती लहान पण कीर्ती महान!" खरं सांगायचं तर ही दोन्ही वाक्यं म्हणजे मूल्यमापन नव्हे. पहिल्या वाक्याने मूल न बघताच नापास होतं, दुसऱ्याने न बघताच पास.

मग मूल्यमापन करायचं कसं? आजच्या पाठात आपण हेच शिकणार आहोत. त्यासाठी उदाहरण थोडं लांबचं घेतलंय, उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचं. कारण या खेळात शरीराच्या आकाराला फार महत्त्व आहे, आणि तिथे कोवळ्या वयातल्या खेळाडूंचे गुण-दोष पारखणं हा लोकांचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. त्यांची पद्धत आणि त्यांची चुकलेली गणितं, दोन्हींतून आपल्याला शिकता येईल.

पाठाची उद्दिष्टे

१. खेळाडूचा आकार आणि त्याची क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवता येणे.
२. उणिवांचे प्रकार ओळखता येणे.
३. जन्मतारखेचं वय आणि शरीराच्या वाढीचं वय यांतला फरक समजणे.
४. आपल्या शाळेसाठी साधं निरीक्षण पत्रक तयार करता येणे.

आधी खेळ समजून घेऊ

आपण ज्याला नुसतं हॉकी म्हणतो तो हा खेळ नव्हे. हा बर्फावर, पायात धारदार पात्यांचे स्केट्स घालून खेळतात. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक मैदानात असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचा नियम असा की ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्याने, अंगाने धडक देणं पुरुषांच्या आइस हॉकीत नियमात बसतं. याला बॉडी चेकिंग म्हणतात. आता विचार करा, नव्वद किलोचा गडी बर्फावरून वेगाने येऊन धडकला तर सत्तर किलोच्या पोराचं काय होईल? म्हणूनच या खेळात "लहान आहे" ही शंका नुसती पूर्वग्रह म्हणून झटकून टाकता येत नाही. तिच्यात तथ्य आहे. एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमधल्या खेळाडूची सरासरी उंची साधारण ६ फूट १ इंच आणि वजन ९० किलोच्या आसपास असतं.

या लीगचे ३२ संघ दरवर्षी उन्हाळ्यात सात फेऱ्यांमध्ये नव्या खेळाडूंची निवड करतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. निवडली जाणारी बरीचशी मुलं १८ वर्षांची असतात, म्हणजे आपल्याकडची बारावीची. त्याआधी वर्ष-दोन वर्षं संघांचे पारखी त्यांचे सामने बघत गावोगाव हिंडतात आणि प्रत्येकाबद्दल लेखी अहवाल देतात.

आपलं उदाहरण : लेन हटसन

२०२२ चा ड्राफ्ट मॉन्ट्रियल शहरात झाला. त्यात लेन हटसन नावाचा एक अमेरिकन मुलगा होता. जन्म १४ फेब्रुवारी २००४. उंची सव्वापाच-साडेपाच नव्हे, पण जेमतेम ५ फूट ८ इंच, वजन ७० किलोच्या थोडंसं वर. शिवाय तो खेळायचा बचावपटू म्हणून, आणि ही जागा परंपरेने धिप्पाड खेळाडूंची. गोलसमोर उभं राहून समोरच्या आडदांड आक्रमकाला हटवायचं काम त्यांचं!

दुसरीकडे त्याची कामगिरी बघा. अमेरिकेच्या १८ वर्षांखालील राष्ट्रीय विकास संघाकडून त्या हंगामात ६० सामन्यांत १० गोल आणि ५३ असिस्ट. असिस्ट म्हणजे ज्या पासमुळे गोल होतो तो. बचावपटूच्या मानाने हे आकडे उत्तमच.

निकाल काय लागला? त्याच्या आधी ६१ मुलांची नावं पुकारली गेली. ६२ व्या क्रमांकावर, दुसऱ्या फेरीत, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाने त्याला घेतलं.

पुढे काय झालं ते थोडं थांबून बघू. आधी तुम्ही स्वतः पारखी आहात असं समजा. कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे बलस्थानं, उजवीकडे उणिवा.

पायरी १ : शरीर नको, काम बघा

सुरुवात "मुलगा केवढा आहे" इथून करू नका. "या जागेवरच्या खेळाडूला कोणती कामं करावी लागतात" इथून करा. आइस हॉकीतल्या बचावपटूची मुख्य कामं अशी:

- आपल्या बाजूला आलेला पक ताब्यात घेऊन पटकन बाहेर काढणे
- समोरून येणाऱ्या आक्रमकाशी योग्य अंतर राखून त्याला कडेला ढकलणे
- कोपऱ्यात, भिंतीलगत पकसाठी झटापट करणे
- गोलसमोरची जागा मोकळी ठेवणे
- आक्रमणात मागून साथ देणे, पासची सुरुवात करून देणे

आता प्रत्येक कामापुढे एक प्रश्न लिहा: यात आकाराने किती फरक पडतो? कोपऱ्यातली झटापट आणि गोलसमोरची जागा, इथे खूपच पडतो. अंतर राखण्यात थोडा पडतो, कारण लांब हात आणि लांब स्टिक असली की पोहोच वाढते. पण पक बाहेर काढणं आणि पासची सुरुवात करणं? इथे नजर, हात आणि डोकं लागतं. वजन फारसं लागत नाही.

म्हणजे "लहान आहे" या एका शेऱ्याचे पाच तुकडे झाले. त्यांतले दोन गंभीर, एक मध्यम, दोन जवळजवळ बिनमहत्त्वाचे. बघा, एवढ्यानेच चर्चा किती स्वच्छ झाली!

आणखी एक बारकावा. जो बचावपटू पक चटकन बाहेर काढतो, त्याला गोलसमोर झुंजावं लागण्याचे प्रसंगच कमी येतात. एका कामातलं कौशल्य दुसऱ्या कामाचा भार हलका करतं. कामं सुटी सुटी मोजताना हा परस्परसंबंध विसरायचा नाही.

पायरी २ : बलस्थान सांगा, पण क्रियापदात सांगा

"हुशार आहे", "चपळ आहे", "टॅलेंट आहे" हे शेरे प्रगतिपुस्तकावर शोभतात. त्यातून कुणाला काही कळत नाही. खेळाडू *काय करतो* ते लिहा. हटसनबद्दल लिहायचं तर असं:

१. चकवा देतो. डोकं, खांदे आणि कंबर एका दिशेला झुकवतो. समोरचा त्या बाजूला वजन टाकतो, की हा दुसरीकडून निघून जातो. त्याला गाठायला आलेला मोठा खेळाडू बऱ्याचदा रिकाम्या जागेवर पोहोचतो.

२. पात्यांच्या कडा वापरतो. स्केटच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात. त्यांवर तोल सांभाळत तो लहानशा जागेत झटकन वळतो. बुटक्या खेळाडूचा गुरुत्वमध्य खाली असतो, त्याचा इथे फायदाच होतो.

३. आधी बघतो, मग पक घेतो. पक येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते टिपतो. त्यामुळे धडक बसायच्या आत निर्णय झालेला असतो.

४. स्टिकने बचाव करतो. अंगाने पाडता येत नाही, तर पासच्या वाटेत स्टिक घालतो, पक टोलवून काढतो.

५. पुन्हा मागतो. एकदा चूक झाली म्हणून पुढच्या वेळी पक टाळत नाही.

पाचवा मुद्दा स्वभावाचा, पण तोसुद्धा क्रियापदात लिहिलाय. "आत्मविश्वास चांगला" असं लिहून भागत नाही. चुकीनंतर मूल काय करतं ते लिहा.

पायरी ३ : उणिवांची चार खाती

माझ्या मते या पाठाचा गाभा इथे आहे. आपण उणिवांची एकच लांबलचक यादी करतो आणि मग ती वाचून मुलाचा, पालकांचा आणि आपलाही धीर सुटतो. प्रत्यक्षात उणिवा चार प्रकारच्या असतात. वाण्याच्या वहीसारखी चार वेगळी खाती उघडा.

खातं पहिलं : वाढीबरोबर भरून निघणाऱ्या. ताकद, वजन, धक्का सोसण्याची क्षमता. १८ वर्षांच्या मुलाचं शरीर अजून भरायचं असतं. इथे औषध एकच, वेळ. आणि त्या वेळात योग्य आहार, व्यायाम.

खातं दुसरं : शिकवल्याने सुधारणाऱ्या. समोरच्याला कोणत्या कोनातून गाठायचं, स्टिक कुठे ठेवायची, कधी पुढे जायचं, कधी मागे राहायचं. हटसनचं स्केटिंग वळणावर छान, पण सरळ रेषेतला वेग त्याच्या उंचीच्या खेळाडूकडून हवा तितका नाही, अशीही शंका तेव्हा व्यक्त व्हायची. हेही याच खात्यात. याची जबाबदारी प्रशिक्षकाची. ही उणीव मुलाच्या नावावर लिहून मोकळं व्हायचं नाही.

खातं तिसरं : बलस्थानाचीच सावली असलेल्या. जो चकवा देतो तो कधीतरी फसतो, आणि बचावपटू फसला की मागे फक्त गोलरक्षक! हटसनसारख्या खेळाडूचा धोका पत्करण्याचा स्वभाव हा गुण आणि दोष दोन्ही आहे. ही उणीव पार पुसून टाकायला गेलात तर गुणही जाईल. इथे शिकवायचं ते इतकंच की धोका कुठे घ्यायचा, कोणत्या वेळी घ्यायचा आणि कुठे अजिबात नाही.

खातं चौथं : राहणाऱ्या. हाताची पोहोच, शेवटची उंची. हे बदलणार नाही. मग याला वळसा कसा घालायचा? जोडीला उंच, दणकट बचावपटू द्यायचा. गोलसमोर झुंज असेल तेव्हा दुसऱ्याला उतरवायचं. यात कमीपणा कसला? प्रत्येक संघ प्रत्येक खेळाडूसाठी हेच करत असतो.

आता बघा, "लहान आहे" या शेऱ्यातलं फक्त चौथं खातं कायमचं आहे. बाकी तीन खात्यांवर काम करता येतं. पण पारखी सगळ्या उणिवा चौथ्याच खात्यात टाकून मोकळा होतो आणि तिथेच चुकतो.

पुढे काय झालं?

हटसन लगेच मोठ्या लीगमध्ये गेला नाही. त्याने बॉस्टन विद्यापीठाकडून दोन हंगाम काढले. पहिल्या हंगामात ३९ सामन्यांत ४८ गुण, दुसऱ्यात ३८ सामन्यांत ४९. इथे गोल आणि असिस्ट मिळून गुण धरतात. मग २०२४-२५ या एनएचएलमधल्या पहिल्या पूर्ण हंगामात तो सगळे ८२ सामने खेळला. ६ गोल, ६० असिस्ट. नवोदित बचावपटूच्या ६० असिस्टचा लॅरी मर्फीने १९८०-८१ मध्ये केलेला विक्रम त्याने गाठला, आणि वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी पटकावली. अधिकृत नोंदीत आता त्याची उंची ५ फूट ९ इंच आहे. म्हणजे उंची काही फारशी वाढलेली नाही!

६ गोल आणि ६० असिस्ट या आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा. त्याचं बलस्थान दुसऱ्याला संधी निर्माण करून देणं हेच होतं, आणि मोठ्या लीगमध्येही तेच चाललं. १८ व्या वर्षी नीट लिहिलेलं निरीक्षण २१ व्या वर्षी उपयोगी पडतं ते असं.

योगायोग बघा, त्या हंगामात त्याचे मुख्य प्रशिक्षक होते मार्टिन सेंट लुई. हे स्वतः ५ फूट ८ इंचांचे. त्यांना तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. कॅल्गरी संघाने करार केला आणि २००० मध्ये सोडून दिलं. मग टँपा बे संघाकडून खेळताना २००३-०४ मध्ये ते लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारे आणि सर्वात मौल्यवान खेळाडू ठरले आणि संघाने स्टॅनले कपही जिंकला. २०१८ मध्ये त्यांचा हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

थांबा, टाळ्या वाजवण्याआधी

इथे एक सावधगिरी हवी. या गोष्टी वाचून "बघा, उंचीने काही होत नाही" असं वर्गात सांगाल तर ते खोटं ठरेल. आपल्याला नावं माहीत आहेत ती यशस्वी झालेल्यांची. ज्या लहान चणीच्या मुलांना खरोखरच धडका झेपल्या नाहीत आणि ज्यांनी खेळ सोडला, त्यांच्यावर लेख लिहिले जात नाहीत. जिंकलेल्यांकडे बघून नियम बांधला की तो नेहमी गोडच निघतो.

आणखी एक. खेळाचे नियमही बाजू बदलतात. २००५-०६ च्या हंगामापासून एनएचएलने स्टिकने अडवणं, पकडून ठेवणं यांवर कडक शिक्षा सुरू केली आणि लांब पासवरचं एक बंधन काढलं. वेगवान, कुशल खेळाडूंना मोकळीक मिळाली आणि लहान चणीच्या मुलांसाठी दार थोडं उघडलं. म्हणजे मुलाचं मोल त्याच्या अंगात जेवढं असतं, तेवढंच आपण त्याला कोणत्या नियमांनी खेळवतो यावरही अवलंबून असतं.

लहान म्हणजे नेमकं कशामुळे लहान?

शिक्षकांसाठी हा भाग फार महत्त्वाचा. एकाच इयत्तेतली दोन मुलं सारखीच बुटकी दिसतात, पण कारणं वेगळी असू शकतात.

जन्ममहिना. वयोगटाची सीमा १ जानेवारी असेल तर जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं, आणि तरी दोघं एकाच गटात खेळतात. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सले या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तिथल्या वरच्या पातळीवरच्या हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं फार जास्त आहेत. महिन्यांनी मोठं म्हणून निवड, निवड म्हणून जास्त सराव, जास्त सराव म्हणून पुढची निवड. चक्र सुरू होतं ते असं. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांतही वयोगट तारखेनेच ठरतात, तेव्हा यादीत जन्ममहिन्याचा रकाना जरूर ठेवा.

वाढीचा वेग. मुलींची उंची सर्वांत वेगाने साधारण १२ व्या वर्षी वाढते, मुलांची साधारण १४ व्या वर्षी. पण कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची दोन वर्षं नंतर. ड्राफ्टच्या वेळी हटसनने संघांना डॉक्टरांचं पत्र दाखवलं होतं. आपल्या हाडांची वाढ वयाच्या मानाने मागे आहे, उंची अजून वाढू शकते, असं त्यात होतं. आपल्याकडे मनगटाचा एक्स-रे म्हटला की क्रिकेटमधली वयचोरी पकडण्याची चाचणी आठवते. तोच एक्स-रे दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो: "थांबा, हे मूल अजून वाढतंय."

जन्ममहिना आणि वाढीचा वेग या दोन गोष्टी एक नाहीत, बरं का. हटसनचाच सहकारी कोल कॉफिल्ड, उंची साधारण ५ फूट ७-८ इंच, जन्म २ जानेवारी २००१! म्हणजे वयोगटात जवळजवळ सर्वांत मोठा, तरी चणीने लहान. त्यानेही त्याच राष्ट्रीय विकास संघाकडून एका हंगामात ७२ गोल करून विक्रम केला, तरी २०१९ च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर १५ वा लागला.

आनुवंशिकता. आईवडील बुटके, मूल बुटकं. यात काळजीचं काही नाही. फक्त "नंतर वाढेल" हे आश्वासन देऊ नका.

पोषण आणि आजार. इथे मात्र डोळे उघडे हवेत. भारतीय महिला हॉकी संघाची माजी कर्णधार राणी रामपाल हिने स्वतः सांगितलंय की लहानपणी ती कुपोषित होती, म्हणून प्रशिक्षकांनी सुरुवातीला तिला घ्यायला नकार दिला होता. अकादमीत रोज अर्धा लिटर दूध आणावं लागे. घरी परवडायचं जेमतेम २०० मिलिलिटर, मग ती त्यात पाणी मिसळायची. हीच मुलगी पुढे कर्णधार झाली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये संघ चौथा आला. अशा मुलीच्या पत्रकावर "ताकद कमी" एवढंच लिहिलं तर ते कुणाच्या काय कामाचं? तिथे लिहायचं, "जेवण पुरेसं मिळतं का, विचारणे." एखाद्या मुलाची उंची वर्षभरात जवळजवळ वाढलीच नसेल तर पालकांना सांगून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. हा खेळापलीकडचा प्रश्न आहे.

आपल्या शाळेत काय करता येईल?

१. एका चाचणीवर निर्णय नको. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी बघा. दमलेल्या अवस्थेतही एकदा बघा.

२. कमी जणांचे सामने घ्या. लहान जागेत तिघांविरुद्ध तिघे खेळवा. तिथे प्रत्येकाकडे चेंडू वारंवार येतो आणि निर्णयक्षमता दिसते. मोठ्या मैदानावर नुसतं जोरात मारून धावणाऱ्याचं फावतं.

३. गट बदलून बघा. एकदा सारख्या शरीरयष्टीच्या मुलांत, एकदा मिश्र गटात. सारख्यांत खेळताना बारक्या मुलाला पुढाकार घ्यायची संधी मिळते. आणि लवकर वाढलेल्या धिप्पाड मुलालाही पहिल्यांदाच ताकदीऐवजी कौशल्य वापरावं लागतं. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्यांनी हा प्रयोग करून बघितलाय. या थोराड मुलाचा विचार आपण करतच नाही. सातवीत नुसत्या अंगाच्या जोरावर जिंकणारा मुलगा दहावीत सगळे त्याच्याएवढे झाले की गोंधळतो, कारण मधल्या काळात त्याला काही शिकवलेलंच नसतं. त्याच्यावरही अन्यायच झाला की!

४. उंची-वजन नोंदवा. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. चार नोंदींतून वाढीचा वेग दिसतो. हे मोजमाप सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका. एकेकाला बाजूला घ्या.

५. सुरक्षितता आधी. धडकेच्या खेळात आकाराची तफावत म्हणजे दुखापतीची शक्यता. अमेरिकेत २०११ मध्ये आणि कॅनडात २०१३ मध्ये निर्णय झाले की १३ वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांत बॉडी चेकिंग नको. अमेरिका-कॅनडातल्या मराठी पालकांनी आपल्या मुलाच्या वयोगटाचा नियम प्रशिक्षकाला जरूर विचारावा. इथल्या कबड्डी-फुटबॉलमध्येही हाच विवेक हवा. मुलाला "घाबरू नको" म्हणण्याआधी समोर कोण उभं आहे ते बघा.

वर्णनात्मक नोंदी : नमुने

आपल्याला वर्णनात्मक नोंदींची सवय आहेच. तेच रकाने इथे वापरू. समजा, सातवीतला एक हॉकी खेळणारा विद्यार्थी आहे.

*अशी नोंद नको:* "खेळ चांगला. उंची कमी. पुढील वर्षी प्रयत्न करावा."

*अशी हवी:*

विशेष प्रगती : चेंडू घेण्याआधी दोन्ही बाजूंना बघतो. तिघांच्या सामन्यात चेंडू फारसा गमावत नाही. चुकल्यावर लगेच मागे धावतो.

सुधारणा आवश्यक (शिकवण्याची) : आडव्या बाजूने अडवताना स्टिक उशिरा खाली येते. डाव्या बाजूचा पास कमकुवत.

सुधारणा आवश्यक (वाढीची) : लांब फटक्यात जोर नाही. डिसेंबरचा जन्म. सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे.

वळसा : सध्या मधल्या फळीत खेळवावे. पेनल्टी कॉर्नरच्या बचावात मागच्या रांगेत ठेवू नये.

निर्णय : संघात नाही, पण सरावात नियमित सहभागी. पुढील पाहणी सप्टेंबरमध्ये.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. निवड न झालेल्या मुलाला सरावातून काढून टाकणं हे खरं नुकसान. संघात जागा मर्यादित असतात, हे मुलांनाही कळतं. पण सराव बंद झाला की वाढ होऊन शरीर भरल्यावर दाखवायला हातात कौशल्यच उरत नाही. मग आपणच म्हणतो, "बघा, मी म्हटलं होतं ना!"

पालकांसाठी थोडंसं

मुलाला रोज भिंतीशी उभं करून पेन्सिलची खूण करू नका. उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांच्या जाहिरातींना भुलू नका. पुरेशी झोप, पोटभर चौरस आहार आणि रोजचा खेळ, शंका असेल तर डॉक्टर. जन्मतारीख बदलून खालच्या गटात खेळवण्याचा मोह तर अजिबात नको. त्यात दुसऱ्या एका खऱ्या लहान मुलाची जागा जाते.

आणि प्रशिक्षकाला "माझ्या मुलाला का नाही घेतलं?" असं विचारू नका. विचारा, "त्याच्या उणिवा कोणत्या खात्यातल्या आहेत? आम्ही घरी काय करू?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला प्रशिक्षकालाही मुलाकडे पुन्हा एकदा नीट बघावं लागतं.

स्वाध्याय

१. तुमच्या संघातल्या सर्वांत लहान चणीच्या खेळाडूची तीन बलस्थानं क्रियापदात लिहा.
२. त्याच्या उणिवा चार खात्यांत वाटा. चौथ्या खात्यात किती उरल्या?
३. सर्वांत धिप्पाड खेळाडूसाठीही हेच करा. काय वेगळं आढळलं?
४. निवड यादीतल्या मुलांचे जन्ममहिने मोजा. पहिल्या सहामाहीतले किती, दुसऱ्या सहामाहीतले किती?

चौथा प्रश्न सोडवायला पाच मिनिटं पुरतील. येत्या निवड चाचणीआधी तो सोडवा, आणि नावं वाचताना ही यादी शेजारी ठेवा.